मसाल्यातल्या भुंगेऱ्यांसाठी कामगंध सापळा: घ्यावा, पण किडे संपतील म्हणून नव्हे

सियागंजातून वर्षाची हळद, धणे, मिरची आणून भरून ठेवणाऱ्या इंदूरच्या मराठी घरांत डब्यांच्या झाकणाशी दोन-तीन मिलिमीटरचे, तांबूस, कुबड्या पाठीचे भुंगेरे दिसतात. हे सिगारेट बीटल. त्यांच्यासाठी मिळणारा चिकट पुठ्ठ्याचा कामगंध सापळा उपयोगी आहे, मात्र त्याचं काम नीट समजून घ्यायला हवं.

या जातीत मादी सेरिकॉर्निन नावाचा गंध सोडते आणि नर त्याच्या मागावर उडत येतो. सापळ्यातल्या ल्यूरमध्ये, म्हणजे आमिषात, हाच गंध कृत्रिमरीत्या बनवून भरलेला असतो, म्हणून चिकटतात ते नरच. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे थोडे नर सुटले तरी अंडी पडतच राहतात. मसाला पोखरणारी अळी तर सापळ्याकडे फिरकतही नाही. कीड नेमकी कुठे आहे, हे मात्र सापळा छान दाखवतो. स्वयंपाकघर, कोठीची खोली, माळा असे तीन ठिकाणी लावून दर आठवड्याला मोजा. जिथे जास्त अडकले, त्याच्या आसपासचे डबे आधी उघडा.

घेण्याआधी एक भुंगेरा भिंगाखाली बघाच. पाठीवर बारीक उभ्या रेघा असतील तर तो ड्रगस्टोअर बीटल, त्याचा गंध वेगळा, या ल्यूरवर तो येणार नाही. पिठातले चपटे, लांबट तांबडे भुंगेरेही येत नाहीत. त्यांच्यात गंध नर सोडतो, नर-मादी दोन्ही जमतात, आणि ते बहुधा चालत येतात. त्यांना जमिनीवर ठेवायचा सापळा लागतो.

सापळा डोक्याच्या उंचीला, पंख्यापासून आणि उघड्या खिडकीपासून दूर टांगा. खिडकीत टांगला तर बाहेरचे नर घरात येतील. ल्यूरला बोट लागलं तर गंध डब्यांना लागतो, म्हणून चिमट्याने बसवा. बेसनाची धूळ बसली की चिकटपणा जातो. नमकीनच्या दुकानात हीच मोठी अडचण, तिथे पुठ्ठा लवकर बदलावा लागतो. जादा ल्यूर बंद पाकिटात फ्रीजमध्ये ठेवा.

कीड लागलेला डबा सापडला की उरलेला मसाला हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांवर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव धरून हळदीच्या गुठळ्या होतात.