"रिस्टोर केलेलं" जुनं रिकर्व्ह धनुष्य घेताय? दोरी चढवलेला फोटो मागा

इथे अमेरिकेत आपल्या मंडळातल्या दोघातिघांनी आर्चरी सुरू केलीये आणि सगळ्यांना ती ६०-७० च्या दशकातली लाकडी टार्गेट रिकर्व्हच (टोकं पुढे वळलेली धनुष्यं) हवीयेत, दिसतातच तशी देखणी, म्हणून हे लिहून टाकतोय.

मला विकलं ते बेअर आर्चरी कंपनीचं, ग्रेलिंग मिशिगनच्या फॅक्टरीतलं, १९६४ चं आणि "फुल्ली रिस्टोर्ड" म्हणून. माणूस बोलायला गोड, फोटो भरपूर, नवीन पॉलिश नुसतं चकाकत होतं. पण एकूण एक फोटो दोरी उतरवलेल्या धनुष्याचे! खरी मेख इथेच असते. लिम्बला, म्हणजे ग्रिपच्या वरच्या किंवा खालच्या वाकणाऱ्या पात्याला, पीळ पडला असेल तर तो नीट कळतो दोरी चढवल्यावर, टोकाकडून डोळा लावून बघायचं, दोरी लिम्बच्या बरोबर मधून गेली पाहिजे. माझ्या धनुष्याची वरच्या लिम्बवर पार कडेला गेलेली, खोबणीत बसायलाच तयार नाही.

नुसता थोडा पीळ असता तरी चाललं असतं, वाफ किंवा गरम पाणी देऊन हाताने हळूहळू सरळ करतात लोक. पण क्लबमधल्या एका जुन्या आर्चरने बाजूने टॉर्च मारला आणि दोरी उतरवायलाच लावली. खालच्या लिम्बमध्ये फायबरग्लास आणि मेपलचे थर सुटलेले, त्या फटीत सुपरग्लू ओतून वरून पॉलिशचे जाड हात मारलेले. शिवाय एक आडवी चीर. फायबरग्लासमध्ये लांबीच्या दिशेने बारीक रेषा असतील तर बऱ्याचदा त्या निरुपद्रवी असतात, जुन्या धनुष्यात दिसतातच, पण आडवी चीर म्हणजे ओढताना लिम्ब तुटून तोंडावर येऊ शकतं. थोडक्यात, जे बघायचं तेच ह्या बाबाने पॉलिशखाली झाकलं होतं, आणि त्या झाकण्यालाच रिस्टोरेशन म्हणून जादा पैसे लावले होते!!

बाकीचं पण तसंच. लिम्बवर ओढायचा जोर ३४ पाउंड लिहिलेला, अक्षरं ताजी, मूळची घासून काढलेली. बो स्केलवर, म्हणजे तो जोर मोजायच्या काट्यावर, २८ इंचांच्या ओढीला ४१ भरले. ग्रिपजवळचं मेडल बोटाला उंच लागतं, आणि बेअरची १९७२ पर्यंतची मेडल्स धातूची, लाकडात सपाट बसवलेली असतात, उठावाची आली ती १९७३ पासून, म्हणजे १९६४ पण खोटंच. आणि वर उपकार केल्यासारखी फास्टफ्लाइट नावाच्या आधुनिक धाग्याची नवी दोरी फुकट दिलेली. ती दोरी ताणतच नाही, सगळा झटका टोकांवर येतो आणि त्या काळच्या धनुष्यांची टोकं त्यासाठी बनवलेलीच नसतात, त्यांना डॅक्रॉनचीच, म्हणजे थोडी ताणणारी दोरी लावायची. ज्याने खरंच धनुष्य दुरुस्त केलंय त्याला हे माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

पैशांचं म्हणाल तर त्याने पेमेंट ॲपच्या "फ्रेंड्स अँड फॅमिली"मधून (ओळखीच्यांना पैसे पाठवायचा पर्याय) पाठव, फी वाचेल, म्हणून शिपिंग कमी करून दिलं होतं. त्या प्रकारच्या पेमेंटला खरेदीचं प्रोटेक्शन नसतं, ॲपवाल्यांनी तेच सांगून तक्रार बंद केली. त्याला मेसेज केला तर म्हणे मी ते भिंतीवर लावायला विकलं होतं, आणि मग ब्लॉक. जाहिरातीत "रेडी टू शूट" लिहिलं होतं त्याचा स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

तर दोरी चढवून दोन्ही टोकांकडून फोटो, बो स्केलवरचा फोटो आणि लिम्बच्या कडांचे उजेडातले क्लोजअप मागा. द्यायला टाळाटाळ केली की सोडून द्या, आणि खरं सांगायचं तर जुनं, खरवडलेलं पण मूळ फिनिश असलेलंच घ्या, त्यात निदान काय झालंय ते दिसतं तरी. मी बायकोच्या अकाउंटवरून बघितलं तर ह्याच माणसाने आता आणखी एक लावलंय विकायला, परत फुल्ली रिस्टोर्ड, आणि परत सगळे फोटो दोरी उतरवूनच.