आर्पेजिएटर की सीक्वेन्सर: मनातला पॅटर्न कोण वाजवेल?

'यात आर्पेजिएटर आहे' एवढ्या एका ओळीवर हार्डवेअर सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) घेऊ नका. आर्पेजिएटर म्हणजे धरलेले सूर आपोआप एकामागून एक वाजवणारी सोय, सीक्वेन्सर म्हणजे आधी नोंदवून ठेवलेले सूर वाजवणारी. आर्पेजिएटर रोलँडच्या १९८२च्या ज्युनो-६० या सिंथमध्येही होता (१९८४च्या ज्युनो-१०६ मधून रोलँडने तो काढून टाकला, ते एक कोडंच आहे). खरा प्रश्न हा, की तो तुमचं किती ऐकतो. गोव्यात हा प्रश्न पडणारे लोकही भलतेच निरनिराळे. कुणाला हणजूण-वागातोरच्या ट्रान्सचा (नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा) नाद, त्यांना मिनिटाला १४० ठोक्यांच्या टेम्पोत सोळांशाचे, म्हणजे ठोक्याला चार, सूर अखंड हवेत. कुणी फोंडा-डिचोलीकडे जत्रेतल्या नाटकाला पार्श्वसंगीत देतं, कुणी भजनी मंडळात हार्मोनियमशेजारी कीबोर्ड मांडतं. त्यांना दादऱ्यात, रूपकात बसेल असं काही हवं असतं.

तुलनेला तीन यंत्रं घेतो: कॉर्गचा मायक्रोकॉर्ग (२००२), आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक (२०१९) आणि आर्टुरियाचाच कीस्टेप (२०१६). कीस्टेपला स्वतःचा आवाज नाही. तो मिडीवरून (वाद्यं एकमेकांना जोडायच्या डिजिटल पद्धतीने) दुसऱ्या सिंथला वाजवतो, त्यामुळे घरात आधीच एखादा सिंथ पडून असेल तर कीस्टेपचा विचार आधी करा.

आर्पेजिएटर तुम्ही दाबलेल्या पट्ट्या घेतो आणि एकेक करून फिरवतो. सा ग प सां दाबून 'अप' लावलं की सा ग प सां, सा ग प सां. इथवर सगळी यंत्रं सारखी. फरक पडतो वर जाऊन खाली येण्यात. टोकाचे सूर एकदाच घेतले तर सा ग प सां प ग, म्हणजे सहा. दोनदा घेतले तर सा ग प सां सां प ग सा, म्हणजे आठ. पहिला दादऱ्यात चपखल बसतो, दुसरा केरव्यात. चुकीचा निवडलात तर तबलजी समेवर येईल आणि तुमचा सिंथ भलतीकडेच असेल. मायक्रोकॉर्गवर याला अल्ट-१ आणि अल्ट-२ म्हणतात, कीस्टेपवर एक्सक्लूसिव्ह आणि इन्क्लूसिव्ह. मायक्रोफ्रीकवर अप, ऑर्डर, रँडम आणि पॅटर्न एवढेच मोड आहेत, चढ-उताराचा नाहीच. नाटक-भजनवाल्यांसाठी माझ्या मते तो इथेच मागे पडतो.

आता पलटा घ्या: सारेग, रेगम, गमप, मपध. बारा सूर, दादऱ्याची बरोबर दोन आवर्तनं. आर्पेजिएटरला हा येत नाही. सा रे ग म प ध एकदम दाबलंत तर तो सरळ सारेगमपध वाजवणार. 'ऑर्डर' मोडमध्ये दाबल्या क्रमाने वाजवेल हे खरं, पण गंधार तीनदा हवा आहे, आणि आधीच दाबून धरलेली पट्टी पुन्हा दाबणार कशी? इथे सीक्वेन्सरला पर्याय नाही. कीस्टेपवर रेकॉर्ड दाबायचं आणि एकेक सूर देत जायचा, प्रत्येक सुराला पायरी (पॅटर्नमधली एका सुराची जागा) आपोआप पुढे सरकते. मध्ये विश्रांती हवी तर टॅपचं बटण, रेकॉर्डिंग चालू असताना ते तेच काम करतं. ६४ पायऱ्यांपर्यंत जागा आहे, त्यामुळे झपतालाच्या दहा मात्राही अडत नाहीत. मायक्रोफ्रीकच्या सीक्वेन्सरलाही ६४ पायऱ्या आहेत. मायक्रोकॉर्गला असा सीक्वेन्सरच नाही.

मग सगळं सीक्वेन्सरवरच का करू नये? कारण तो तुमच्या हाताबरोबर जात नाही. हाच पलटा रे वरून हवा म्हणून कीस्टेपवर दोन पट्ट्या (काळी धरून) वर सरकवलात, तर अख्खा पलटा तेवढ्याच अंतराने उचलला जातो: रे ग आणि पुढे तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमाची चाल सुरू असताना तीव्र मध्यम आला की भजनातली म्हातारी माणसंसुद्धा मान वळवून बघतात. आर्पेजिएटरचं उलट आहे. स्वरसंगती (एकत्र धरलेले सूर, कॉर्ड) तुम्ही बदललीत की तो निमूट नव्या सुरांवर जातो, चाल मोडत नाही. स्वरसंगती सतत बदलणार असेल तर आर्पेजिएटर, सुरांची वळणं ठरलेली असतील तर सीक्वेन्सर.

मायक्रोकॉर्ग या दोहोंच्या मध्ये बसतो, आणि म्हणूनच इतका जुना असून मी तो यादीत ठेवला आहे. त्याच्या आर्पेजिएटरला आठ पायऱ्या आहेत. प्रोग्रॅम निवडायची १ ते ८ ही बटणंच पायऱ्यांची बटणं होतात. दिवा पेटलेला असेल तर पायरी वाजते, विझलेला असेल तर गप्प. १, ४ आणि ७ चालू ठेवून बाकीच्या बंद केल्या की ३-३-२ चं वजन मिळतं. 'लास्ट स्टेप' सातवर आणून १, ४, ६ चालू ठेवा: ३-२-२, म्हणजे रूपक. वर स्वरसंगती हवी तशी बदला, वजन ढळत नाही. मर्यादा आठ पायऱ्यांची, झपताल इथे मिळणार नाही. शिवाय बंद पायरीवर सूर गिळला जातो की पुढच्या चालू पायरीसाठी राखून ठेवला जातो, हे यंत्रागणिक बदलतं. असं पायऱ्यांचं कुठलंही यंत्र घेण्याआधी हे कानाने तपासाच.

ट्रान्सवाल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांनी तीनच सूर धरून सोळांशात सोडले, तर सोळा पायऱ्यांच्या बारशी ते तीन बारनंतरच जुळतात, आणि ते अंगावर येणारं फिरणं बरंचसं यातूनच येतं. १४०ला एक सोळांश साधारण १०७ मिलिसेकंदांचा. गेट, म्हणजे पायरीचा जितका भाग सूर वाजतो तो, निम्मं केलंत तर सुराच्या वाट्याला जेमतेम ५४ उरतात. अशा वेळी एन्व्हलपचा रिलीज (सूर सुटल्यावर विरायला लागणारा वेळ) लांब असेल तर सगळा चिखल होतो आणि दोष पॅटर्नला जातो. मायक्रोफ्रीक इथे मजा आणतो: 'पॅटर्न' मोड धरलेल्या सुरांतून स्वतःच एक मांडणी काढतो, स्पाइस आणि डाइस ही बटणं ती आणखी विस्कटतात. हवं तेच वाजेल असं नाही, पण ट्रान्समध्ये ते चालून जातं. फक्त त्याच्या पट्ट्या स्पर्शाच्या आहेत, आणि आमच्या जून-जुलैच्या दमटपणात घामट बोटांनी त्या वाजवताना हात पुसायला फडकं जवळ ठेवावं लागतं.

दोन यंत्रांची लय जुळवायची तर मिडी क्लॉक, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला दिलेला ठेका. तो प्रत्येक क्वार्टर नोटला (एका ठोक्याला) २४ टिचक्या पाठवतो, पण सम कुठे आहे हे त्या टिचक्या सांगत नाहीत. मायक्रोकॉर्गवर 'की सिंक' चालू असेल तर पट्टी दाबाल तिथून आवर्तन सुरू होतं. हात अचूक असेल तर उत्तम, नसेल तर ते बंद ठेवून क्लॉकवर सोडा.

माझा कौल: नाटकाला आणि भजनाला वाजवणाऱ्याने, घरी मिडीचा कुठलाही सिंथ असेल तर, कीस्टेप घ्यावा. काहीच नसेल तर सेकंडहँड मायक्रोकॉर्ग बघावा. तो सहा पेन्सिल सेलवर चालतो, आणि जत्रेच्या मांडवात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. अर्थात स्पीकरही बॅटरीवर चालणारा हवा.