एकच रात्र हाती आहे: व्हॅनगार्ड, स्मॉल्स, ब्लू नोट की डिझीज?

न्यू यॉर्कमध्ये जॅझ ऐकायचा बेत ठरला आणि हाती एक, फार तर दोन रात्री असल्या, की बहुतेक जण आधी ओळखीच्या कलाकाराचं नाव शोधत बसतात. नाव सापडलं नाही तर खट्टू होतात. खरं तर या शहरात आडवारी तळघरात वाजवणारा ड्रमरही सहसा कसलेलाच असतो. रात्र जमते किंवा फसते ती खोली, बसायची जागा आणि सेटची (म्हणजे सलग वादनाच्या एका फेरीची) वेळ यांवर. त्यामुळे या चार क्लबांमधली निवडही तिथूनच करावी.

व्हिलेज व्हॅनगार्ड हे १७८, सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथचं तळघर. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ मध्ये क्लब इथे आणला, तेव्हापासून पत्ता बदललेला नाही. खोली पाचरीसारखी आहे आणि तिच्या निमुळत्या टोकाला रंगमंच. माणसं मावतात सव्वाशेच्या आत. या आकाराचा फायदा असा की अगदी मागे बसूनही वाद्यांचा आवाज वेगवेगळा आणि स्वच्छ येतो. खायला काही मिळत नाही, फक्त पेयं. वादन चालू असताना बोलणं आणि फोन दोन्ही बंद. मैफिलीत पुढे बसून घड्याळ बघणाऱ्याकडे जसे कटाक्ष जातात, तसेच इथे उजळलेल्या स्क्रीनकडे जातात.

तिकीट सेटचं असतं, खुर्चीचं नाही. आत आधी येईल त्याला जागा. आठच्या सेटला पावणेआठला पोचलात तर तिकीट असूनही कोपरा वाट्याला येईल. सातच्या सुमारास रांगेत उभं राहावं. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला पियानो आणि उजव्या हाताला ड्रम्स असतात. पियानो ट्रिओ (पियानो, ड्रम्स आणि बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य) असेल तर डावीकडच्या भिंतीलगतचं बाक धरा, म्हणजे वादकाची बोटं दिसतात. उजव्या कोपऱ्यात बसलात तर झांजेच्या झणकाराखाली बासचे स्वर बुडतात, आणि ट्रिओतला निम्मा संवाद बासचाच असतो.

वार कुठला? मंगळवार ते रविवार सहसा एकच बँड आठवडाभर वाजवतो. मंगळवारी नवी रचना अजून चाचपडत असते, कागद समोर असतात. शनिवार-रविवारपर्यंत तीच रचना अंगवळणी पडलेली असते आणि वादक धोका पत्करायला लागतात. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सचं इथलं गाजलेलं ध्वनिमुद्रण ३ नोव्हेंबर १९५७ चं आणि पियानोवादक बिल एव्हान्सच्या ट्रिओचं २५ जून १९६१ चं. दोन्ही दिवस रविवार. निवड मोकळी असेल तर रविवारचा दहाचा सेट घ्यावा. शनिवारी गर्दी जास्त, आणि त्यातले बरेच जण ‘एकदा बघून येऊ’ म्हणून आलेले.

सोमवारचं गणित वेगळं. त्या दिवशी सोळा जणांचा व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा असतो. ट्रम्पेटवाले थॅड जोन्स आणि ड्रमर मेल लुईस यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये हा सोमवार सुरू केला. या रात्री पुढच्या रांगेचा मोह टाळा. पाच सॅक्सोफोन तोंडावर वाजत असले की मागचे ट्रम्पेट-ट्रोम्बोन त्यांत नीट मिसळलेले ऐकू येत नाहीत. मध्याच्या थोडं मागे बसलात तर सगळा ताफा एकजीव ऐकू येतो.

स्मॉल्स तिथून पायी तीन-चार मिनिटांवर, १८३, वेस्ट टेन्थ स्ट्रीटला. १९९३ चा क्लब, हाही तळघरात, पण स्वभाव अगदी निराळा. व्हॅनगार्ड म्हणजे बांधलेली मैफल. स्मॉल्स म्हणजे तालीम, गप्पा आणि मैफल एकाच खोलीत. संध्याकाळपासून एकामागून एक सेट होतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास जॅम सेशन सुरू होतं. आधी क्लबचा घरचा ट्रिओ वाजवतो, मग वाद्य घेऊन आलेल्यांना बोलावलं जातं.

जॅमची मजा आणि जॅमची डोकेदुखी एकच: किती जण वाजवणार, याचा अंदाज नसतो. बहुतेक जुन्या गाण्यांचं आवर्तन ३२ बारचं (एका बारमध्ये चार मात्रा), म्हणजे १२८ मात्रांचं. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत ते साधारण ३८ सेकंदांत संपतं. चार सॅक्सोफोनवाले आले आणि प्रत्येकाने पाच-पाच आवर्तनं घेतली, तर नुसत्या सॅक्सोफोनचीच तेरा मिनिटं होतात. त्यातला तिसरा कच्चा असला, तर ती तेरा मिनिटं फार लांबतात. पण कधी पाचवा असा येतो की बारपाशी चाललेल्या गप्पा थांबतात. ज्याचा कान अजून तयार होतोय, त्याने जॅमने सुरुवात करू नये. आधी नऊ-साडेदहाच्या सुमाराचा सेट ऐकावा. आवर्तन मोजायची सवय असेल, समेची वाट बघायची खोड असेल, तर मात्र जॅमसारखी शाळा नाही.

पियानोच ऐकायचा असेल तर त्याच रस्त्यावर, १६३ क्रमांकाला, मेझरो आहे. २०१४ मध्ये सुरू झालेली लहान खोली. पियानो-बास अशी जोडी ऐकायला मला ती या सगळ्यांत सरस वाटते.

ब्लू नोट (१३१, वेस्ट थर्ड स्ट्रीट, १९८१ पासून) निवडावं ते मोठ्या नावासाठी. आधी एक गैरसमज: ब्लू नोट ही १९३९ ची रेकॉर्ड कंपनी आणि हा क्लब यांचा नावापलीकडे संबंध नाही. व्हॅनगार्डमधलं रोलिन्सचं ते ध्वनिमुद्रण ब्लू नोट कंपनीचं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. या क्लबचं स्वतःचं स्मारक हवं असेल तर पियानोवादक कीथ जॅरेटच्या ट्रिओच्या जून १९९४ मधल्या तीन रात्रींचा सहा सीडींचा संच ऐका.

इथे जेवण मिळतं, पण टेबलं चिकटून असतात आणि ती अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यावी लागतात. कोपराला कोपर लागतोच. टेबलापेक्षा बारची जागा स्वस्त पडते. तिकिटाखेरीज माणशी किमान खर्चाची अट असते, आणि इथेच हिशेब चुकतो. समजा ती अट २० डॉलरची आहे. त्यावर ८.८७५ टक्के विक्रीकर, म्हणजे पावणेदोन डॉलरच्या वर. २० टक्के टिप, म्हणजे ४. वीसचे जवळजवळ २६ होतात, तेही दर माणशी, दर सेटला. दोघांनी दोन सेट ऐकले तर तिकिटं सोडून शंभरी पार.

डिझीज क्लब कोलंबस सर्कलला, जॅझ ॲट लिंकन सेंटरच्या पाचव्या मजल्यावर आहे. वादकांमागे काचेची भिंत, तिच्यापलीकडे सेंट्रल पार्क आणि शहराचे दिवे. संगीत नीटनेटकं, जेवण बरं, बसणं ऐसपैस. पण खिडकीकडे डोळे गेले की कान मागे राहतात, हे गृहीत धरा. आईवडील महाराष्ट्रातून आले असतील आणि गुडघे कुरकुरत असतील, तर मात्र दुसरा विचार नको. इथे लिफ्ट आहे, तर व्हॅनगार्ड आणि स्मॉल्स या दोन्हींना जिना उतरावा लागतो.

एकच रात्र असेल तर आठचा सेट व्हॅनगार्डमध्ये ऐकावा. तो सव्वानऊच्या आसपास सुटतो. मधे बाहेर जेवून घ्यावं, कारण पुढेही जेवण मिळणार नाही, आणि साडेदहाच्या सुमारास स्मॉल्स गाठावं. उलटा क्रम घातक: स्मॉल्सचा सेट लांबला की व्हॅनगार्डच्या दहाच्या सेटला रांगेच्या शेपटाशी उभं राहायची वेळ येते. घरून निघण्याआधी एव्हान्सचं ते १९६१ चं ध्वनिमुद्रण एकदा हेडफोनवर ऐका. मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. त्यावरून खोली केवढी आहे ते कळतं.

जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअरकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना पाथ गाडीचं (न्यू जर्सी-मॅनहॅटन रेल्वेचं) ख्रिस्टोफर स्ट्रीट स्थानक सोयीचं. तिथून दोन्ही तळघरं चालत गाठता येतात. गाडी रात्रभर असते, पण उशिरा दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं आणि गाडी होबोकनमार्गे वळू शकते, म्हणून जॅमला थांबायचं तर परतीला तासभर धरून चाला.

आणि प्रवासच होणार नसेल, तर स्मॉल्सचे कार्यक्रम इंटरनेटवर थेट दिसतात. तिथला रात्री नऊचा सेट पुण्यात उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला सुरू होतो, म्हणजे पहिल्या चहाला. फक्त लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका. बास ऐकूच येत नाही.