काउंटरवरच्या जुन्या संगणकाला एक्सएफसीई: रूप बदलतं आणि बदललेलं टिकतं

गावातल्या महा ई-सेवा केंद्रात एकच पडदा दोघं बघतात. एक चालवणारा, दुसरा काउंटरपलीकडून मान वाकडी करून बघणारा. सातबाऱ्यावरचं नाव, पीक विम्यातला गट नंबर त्या दुसऱ्यालाही वाचता यायला हवा. "भाऊ, थोडं मोठं कर ना, दिसून नाही राह्यलं" हे दिवसातून दहादा ऐकावं लागत असेल, तर डेस्कटॉपचं रूप ही नुसती हौस राहत नाही. लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि एक्सएफसीई हा तिचा हलका डेस्कटॉप. त्या आवृत्तीचं हे परीक्षण त्याच अंगानं आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तालुक्याच्या दुकानांतून घेतलेले बरेच जुने पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरं. पैसे लागत नाहीत, सुरक्षेचे अपडेट २०२९ पर्यंत मिळतील. मात्र अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे आधी बघा. मिळत नसेल तर पुढचं सगळं फक्त दुसऱ्या पीसीपुरतं, किंवा शाळेच्या संगणक खोलीपुरतं.

सुरुवात फॉन्टपासून करा, थीमपासून नको. मिंटचा मूळचा उबुंटू फॉन्ट दिसायला छान, पण त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. मराठी मजकूर आला की सिस्टिम दुसऱ्याच फॉन्टमधून अक्षरं उचलते, म्हणून एकाच ओळीत इंग्रजी ठळक आणि मराठी बारीक असा विजोड प्रकार दिसतो. 'एक टाइप'चा मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट उतरवून घ्या. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही एका मापात आहेत. फाइलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल करा, मग सेटिंग्ज मॅनेजर, अपिअरन्स, फॉन्ट्स इथे मुक्ता ११ निवडा. त्याच पानावर तळाशी कस्टम डीपीआय, म्हणजे अक्षरं किती मोठी दिसावीत त्याचा आकडा, आहे. ते ९६ वरून १०८ करा. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर याच्या फार पुढे जाऊ नका, कारण उंच खिडक्यांचं 'ओके' बटण पडद्याखाली जातं आणि माणूस अडकून बसतो. संकेतस्थळांची अक्षरं मोठी करायची तर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट झूम ११० किंवा १२० टक्के ठेवा. ते काम डीपीआयवर ढकलू नका.

खिडकीच्या वरच्या पट्टीचा फॉन्ट अपिअरन्समध्ये सापडणार नाही. तो विंडो मॅनेजर, स्टाइल, टायटल फॉन्ट इथे आहे. इथेच देवनागरीची खरी अडचण येते. त्या पट्टीची उंची थीममधल्या चित्रांवरून ठरते, फॉन्टवरून नाही. फॉन्ट १३ केला की पट्टी तेवढीच राहते आणि वेलांटीचं डोकं किंवा उकाराचं शेपूट कापलं जातं. तेव्हा आकार १० वर आणा, नाहीतर डिफॉल्ट-एचडीपीआय नावाची स्टाइल घ्या. ती दिसायला जाडजूड आहे, पण अक्षरं पूर्ण दिसतात आणि बंद करायचं बटण नवख्यालाही एका झटक्यात सापडतं.

थीमच्या बाबतीत एक्सएफसीईचा सर्वात मोठा दोष हा की एकच रूप बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून बदलावं लागतं: खिडकीच्या आतला भाग अपिअरन्समधून, चौकट विंडो मॅनेजरमधून, चिन्हं पुन्हा अपिअरन्समधून पण वेगळ्या टॅबवर. बाहेरची थीम उतरवली तर ती होम फोल्डरमधल्या 'थीम्स' या लपलेल्या फोल्डरात सोडायची. त्या नावाआधी टिंब असतं, कंट्रोल-एच दाबल्यावर लपलेली फोल्डरं दिसतात, आणि हे नसलं तर स्वतः बनवावं लागतं. थीम यादीत दिसत नसेल तर बहुतेक वेळा झिप सोडताना फोल्डरात फोल्डर झालेलं असतं. थीमच्या फोल्डरात जीटीके नावाचे उपफोल्डर (खिडकीच्या आतल्या भागाचं रूप त्यात असतं) थेट दिसायला हवेत. एक्सएफडब्ल्यूएम४ हा चौकटीचा उपफोल्डर नसेल तर आतला भाग बदलेल, पट्टी जुनीच राहील. आणि फ्लॅटपॅकमधून, म्हणजे सिस्टिमपासून वेगळ्या पेटीत, घेतलेली अ‍ॅप्स या फोल्डराकडे सहसा बघत नाहीत, ती आपल्याच रंगात राहतात.

गडद थीम घेऊ नका. यूट्यूबवर ती भारी दिसते. पण एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंशांचं ऊन, केंद्राचं दार उघडं आणि पडदा दाराकडे तोंड करून असला, की काळ्या पडद्यात स्वतःचा चेहरा आणि वर बसलेली धूळ तेवढी दिसते. मिंट-वायची फिकी थीम आणि साधी एकरंगी पार्श्वभूमी, बस.

जुन्या ग्राफिक्सवर खिडक्या अडखळत असतील तर विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कम्पोझिटर (सावलीसारखे परिणाम दाखवणारा भाग) बंद करून बघा. त्यासोबत खिडक्यांची सावली जाते आणि पांढऱ्यावर पांढरी खिडकी आली की कडा ओळखू येत नाही, म्हणून ठसठशीत चौकटीची स्टाइल हवी. व्हिडिओ चालताना चित्र मधूनच आडवं फाटल्यासारखंही दिसू शकतं. अर्ज भरायच्या मशीनला त्याचं काही बिघडत नाही.

पॅनेल, म्हणजे पडद्याच्या तळाची पट्टी, मात्र उत्तम जमलंय. पॅनेल प्रेफरन्सेसमध्ये रो साइझ ३६ पिक्सेल ठेवा, विंडो बटन्समध्ये लेबल दाखवा आणि ग्रुपिंग 'नेव्हर' करा. चार अर्ज उघडे असले तर चारही नावांनिशी समोर दिसतात. कीबोर्ड लेआउट्स हा आयटमही जोडा, म्हणजे सध्या मराठी चालू आहे की इंग्रजी ते टाइप करण्याआधी कळतं. शेवटी 'लॉक पॅनेल'वर खूण करा. सगळं बसलं की पॅनेल प्रोफाइल्स या अ‍ॅपमधून मांडणी जतन करून पेनड्राइव्हवर ठेवा. ते नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतं. त्यात फक्त पॅनेल जतन होतं, फॉन्ट आणि थीम नाही. ते आकडे वहीत लिहून ठेवलेले बरे.

लोडशेडिंगचा एक वेगळाच त्रास आहे. वीज आल्यावर व्हीजीए केबलवरचा मॉनिटर नीट ओळखला गेला नाही, तर पडदा १०२४ बाय ७६८ वर उघडतो आणि डेस्कटॉपवरची चिन्हं विस्कटतात. मिंट २२ मधल्या एक्सएफसीई ४.१८ मध्ये चिन्हांच्या जागा प्रत्येक रेझोल्यूशनसाठी वेगळ्या जतन होतात, त्यामुळे डिस्प्लेमधून मूळ माप परत दिलं की बहुधा मांडणीही परत येते. तोवर चिन्हं हातानं लावत बसू नका. पॅनेलच गायब झालं असेल तर डेस्कटॉपवर राइट क्लिक, अ‍ॅप्लिकेशन्स, सेटिंग्ज, सेशन अँड स्टार्टअप उघडा, सेव्ह केलेली सेशन पुसा आणि पुन्हा लॉगिन करा. लॉगआउट करताना 'सेव्ह सेशन'ची खूण राहिली आणि त्या क्षणी पॅनेल बंद असलं की हे घडतं. ती खूण काढूनच ठेवा.