पाककृतींच्या पुस्तकाची छायाचित्रे: स्टॉक परवाना आणि स्वतंत्र छायाचित्रकार

देशावरच्या आणि कोकणातल्या पाककृतींच्या आमच्या पुस्तकासाठी आम्ही काही छायाचित्रे एका मोठ्या स्टॉक संकेतस्थळावरून, म्हणजे आधीच काढून ठेवलेल्या तयार छायाचित्रांच्या संग्रहातून, परवाना घेऊन वापरली आणि पदार्थांची छायाचित्रे पुण्यातील एका स्वतंत्र छायाचित्रकाराकडून काढून घेतली. लहान प्रकाशकांना आणि घरगुती खाद्यउद्योग चालवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून दोन्ही सेवांचा अनुभव येथे नोंदवत आहे.

हळद, लाल मिरच्या, पितळेची भांडी, केळीची पाने अशा चित्रांसाठी स्टॉक संग्रह उत्तम आहेत. ती काही मिनिटांत मिळतात आणि छपाईला पुरेल इतकी मोठी असतात. शटरस्टॉक व अडोबी स्टॉक या दोन्हींच्या साध्या परवान्यात ५ लाख छापील प्रतींपर्यंत मुभा असल्यामुळे मराठी पुस्तकाला महागडा विस्तारित परवाना घेण्याचे कारण सहसा उरत नाही. मात्र तेच चित्र मगावर किंवा टी-शर्टवर छापून विकायचे असेल, तर तो घ्यावाच लागतो. अनस्प्लॅश या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरची पुष्कळ चित्रे विनामूल्य असली, तरी त्यात ओळखू येणाऱ्या व्यक्तीची किंवा बोधचिन्हाची परवानगी त्या परवान्यात येत नाही, हे जाहिरात करणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

आपल्या पदार्थांपाशी मात्र स्टॉकची उपयुक्तता संपते. पुरणपोळी म्हणून दाखवलेली पोळी पराठ्यासारखी जाड होती, शेजारी हिरवी चटणी होती आणि कटाची आमटी तर शोधून सापडली नाही. ज्या वाचकाने आयुष्यभर पुरणपोळी खाल्ली आहे, त्याचा अशा एका चित्रामुळे पाककृतीवरचाही विश्वास उडतो.

छायाचित्रकाराचे काम म्हणूनच मोलाचे ठरले. त्यांनी खिडकीतून येणाऱ्या प्रकाशावर भर दिला, आमटीवरची तर्री विरण्याआधी टिपता यावी म्हणून चौकट आणि फोकस आधी रिकाम्या वाटीवर जुळवून ठेवले आणि उकडीच्या मोदकांवर तूप सोडण्याचा क्षण शेवटपर्यंत राखून ठेवला. सोलकढीचा फिकट गुलाबी रंग कागदावर मळकट उतरू नये, यासाठी छापखान्याचा नमुना पाहून त्यांनी रंग पुन्हा दुरुस्त केले; एवढी आस्था केवळ मोबदल्याने मिळत नाही. खर्च अर्थातच स्टॉकच्या कितीतरी पट आला आणि छायाचित्रे हाती येण्यास ठरल्यापेक्षा अधिक वेळ लागला.

करार लेखीच करावा, असे मी आग्रहाने सांगेन. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळे ठरले नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. ही तरतूद छायाचित्रकारावर अन्याय करणारी आहे असे मला वाटते, म्हणून आम्ही हक्क त्यांच्याकडेच ठेवला आणि छापील आवृत्ती, ई-पुस्तक व प्रसिद्धी यांसाठी परवाना घेतला. त्यात मुदत स्पष्ट लिहिली, कारण ती न लिहिल्यास कायदा पाचच वर्षे धरतो आणि प्रदेश न लिहिल्यास परवाना भारतापुरता मानला जातो. परदेशातील मराठी वाचकांना पुस्तक विकणाऱ्या प्रकाशकाला ही दुसरी उणीव अधिक महागात पडू शकते.

मुखपृष्ठासाठी आणि प्रत्येक पदार्थासाठी मी पुन्हा याच छायाचित्रकाराकडे जाईन; प्रकरणांच्या आरंभीच्या मसाल्यांच्या चित्रांसाठी स्टॉक पुरेसे आहे.