मका सोलायचा जुना हूक: एक अख्खी सुगी वापरल्यावर

आयोवातल्या एका लिलावात गंजक्या अवजारांच्या पेटीत हा मिळाला, १२ डॉलरला. चामड्याचा पट्टा, त्यावर पत्र्याची पट्टी आणि तळहातात अंगठ्याच्या बुडाशी येणारा वाकडा आकडा. बायकोला वाटलं, भिंतीवर लावेन. पण शेजाऱ्याच्या शेतात सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा रोज हातात होता.

आमच्या सिल्लोडकडे कणसं मोडून आधी ढीग घालतात, मग बसून गप्पा मारत सोलतात. हातात फार तर दाभण. इथे उभ्या पिकात चालता चालता सोलायचं. डाव्या हातानं कणीस धरायचं, आकडा पाल्यावरून आडवा ओढायचा, साल फाटली की मनगटाच्या झटक्यानं कणीस देठापासून मोडायचं आणि गाडीत फेकायचं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळ्या असतात, बँगबोर्ड. कणीस त्यावर आदळून आत पडतं. म्हणून फेकताना बघायचं नसतं, डोळे पुढच्या कणसावर. मला हेच जमायला महिना लागला.

तक्रारी आहेत. चामडं वाळून कडक झालेलं. तेल चोळून मऊ केलं, पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडली. रिव्हेट टोचतात, आत सुती हातमोजा हवाच. सकाळी दवात पाला चिवट होतो, आकडा नुसता घसरतो. दहानंतर, ऊन लागल्यावर खरा चालतो.

ऑक्टोबरात हौसेनं मका सोलायच्या एका स्पर्धेत नवख्यांच्या गटात १० मिनिटं उतरलो. या स्पर्धा १९२२ साली हेन्री वॉलेस यांनी सुरू केल्या, पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले तेच. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९२४ सालची. जुना नियम कडक: मागे राहिलेल्या दर पौंडामागे ३ पौंड वजा, कणसाला पाला जास्त राहिला तर आणखी कपात. मी ११० पौंड टाकले आणि खूश झालो. मग मागून वेचणाऱ्यांनी माझ्या ओळीतून ९ पौंड कणसं काढून दाखवली. २७ गेले! पाल्याचे वेगळे.

शेजारच्या गाडीवर सत्तरी उलटलेले एक आजोबा होते. त्यांची फळी धाड-धाड-धाड, एका लयीत. माझी मात्र आठवण आल्यासारखी मधूनच वाजायची. त्यांचा हूक मागून घेऊन पाहिला तर माझ्याहून बोथट! तेव्हापासून मी आकड्याला कानस लावणं सोडलं. साल हूक फाडतो, वेळ जातो तो मोडण्यात आणि पुढचं कणीस शोधण्यात. १९३५ साली इंडियानात एल्मर कार्लसननं ८० मिनिटांत ४१.५ बुशेल भरले, म्हणजे सुमारे १३ क्विंटल, तेही सगळी कपात होऊन. असाच हूक, अशीच फळी.

घेणार असाल तर आकडा हलत नाही ना ते बघा, पट्टा काय, कुठलाही चांभार बदलून देईल. डावखुऱ्यांचा हूक उलटा असतो, तो मागून घ्या. धाकट्या भावासाठी घेतलेला दुसरा त्यामुळेच अजून पेटीत पडून आहे.