सुकवलेली जेनिस्टा: पिवळ्यासाठी नाही, हिरव्यासाठी घ्या

लोकर रंगवायला सुकवलेल्या जेनिस्टा टिंक्टोरियाचं, म्हणजे पिवळा रंग देणाऱ्या एका झुडपाचं, अर्ध्या किलोचं पाकीट मागवलं होतं. दोनदा रंगवून झालं, मगच लिहायला बसले.

आधी तक्रार. पाकिटावर ‘फुलोऱ्याचे शेंडे’ असं छापलंय आणि आत निम्म्या जाड, लाकूड झालेल्या काड्या! रंग असतो फुलांत, पानांत, कोवळ्या शेंड्यांत. परातीत पसरून निवडलं तेव्हा कामाचा माल 280 ग्रॅम भरला. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही.

माल मात्र अस्सल. सुकलेल्या फुलांचाही घाट ओळखू येतो, तागाच्या फुलाची धाकटी बहीणच. शेंगावर्गातलं झुडूप आहे, त्यामुळे नवल नाही. रात्रभर भिजवून सकाळी तासभर मंद आचेवर ठेवलं. खळखळून उकळू नका, पिवळा मळतो. आणि भांडं रंगाचंच वेगळं ठेवा. या झुडपात सायटिसिनसारखी विषारी द्रव्यं असतात.

100 ग्रॅम लोकर आदल्या दिवशी 10 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात तापवून ठेवली होती. पिवळा आला तो लिंबाच्या सालीचा, जरा थंड. हळदीची ऊब त्यात नाही, पण हळद उन्हात उडते आणि यातलं पिवळं रंगद्रव्य ल्युटिओलिन चांगलं तग धरतं. अर्धी लड पुठ्ठ्याखाली झाकून तीन आठवडे खिडकीत ठेवली. दोन्ही बाजू शेजारी धरल्यावरच फरक कळला.

तरी नुसत्या पिवळ्यासाठी मी हे घेणार नाही. वेल्ड या पिवळा रंग देणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीत ल्युटिओलिन जास्त, थोड्या मालात गडद रंग येतो. जेनिस्टा घ्यावी ती हिरव्यासाठी. इंग्लंडमधल्या केंडलचं जुनं प्रसिद्ध हिरवं कापड याच पिवळ्यावर वोड या निळा रंग देणाऱ्या वनस्पतीची निळाई चढवून व्हायचं. माझ्याकडे वोड नव्हतं, म्हणून पिवळी लड निळीच्या पिंपात बुडवली. मिनिटभराने उचलली तेव्हा पोपटी होती. हवा लागली तसा रंग वरून खाली गडद होत गेला, पिळाच्या आतले धागे तेवढे पोपटीच राहिले. हात निथळत होते, तरी लड फिरवून फिरवून मी तेच बघत उभी होते. वाळल्यावर रंग स्थिरावला तो पावसातल्या शेवाळाचा. असा हिरवा मला आजवर कुठल्याच पुडीतून मिळाला नव्हता.

पाच पैकी साडेतीन. अर्धा गुण माल अस्सल नसता तर तोही कापला असता. निव्वळ शेंडे वेगळे विकायला लागले, तर याच विक्रेत्याकडून लगेच दोन पाकिटं घेईन.